सरकीचा गुडघा

९ ऑक्टोबर. पहिल्या वेचणीचा कापूस बैलबंडीतून उतरवून पुढच्या खोलीत टाकायचं काम चालू होतं. आमचे हे बंडीवर उभे राहून गाठोडी खाली देत होते आणि मी ती आत नेऊन सोडत होते. सरकी नेहमीसारखी सगळ्यात वरच्या गाठोड्यावर बसून शेतातून घरी आली होती. गाठोडी कमी होत गेली तशी तीही खाली खाली येत होती. तेवढ्यात शेजारच्या कांताबाईचं मांजर भिंतीवरून गेलं. सरकीने बंडीवरून सरळ उडी मारली.

एकदाच ओरडली. मी बाहेर आले तेव्हा ती तीन पायांवर उभी होती. मागचा डावा पाय गुडघ्यात मुडपून वर धरलेला. मांजर निघून गेलं होतं आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मीच काहीतरी केलं आहे.

सरकी म्हणजे आमची चार वर्षांची कुत्री. गावातलीच. रंग सरकीसारखा करडा, म्हणून हे नाव. आमचं गाव कळंब तालुक्यात, रान लागून. रानडुकरांचा त्रास आहे, आणि सरकी आल्यापासून आमच्या वावरात डुकरं शिरली नव्हती. मी स्वतः गावात शिलाईचं काम करते आणि वेचणीच्या दिवसांत शेतात जाते. ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची आहे. आज लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की कुत्र्याचा गुडघा दुरुस्त होतो हे आमच्याकडे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे दोन-तीन महिने घरात काय होतं ते कोणी सांगत नाही.

एक खूण आधीच होती, ती आम्ही हसण्यावारी नेली. वर्षभरापासून सरकी पळता पळता मध्येच तो पाय उचलायची, तीन-चार उड्या लंगडत घ्यायची, एकदा पाय झटकायची आणि पुन्हा नीट पळायची. हे म्हणायचे, "लंगडी खेळून राह्यली पोरगी." ती खेळत नव्हती. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत होती. तुमचं कुत्रं असं करत असेल तर हसू नका.

पुसदहून परत आल्यावर

आठवडाभर आम्ही हळद-तेल लावलं आणि वाट पाहिली. सूज उतरली, पण पाय टेकेना. नुसती बोटं जमिनीला लावायची, भार द्यायची नाही. बसताना तो पाय बाजूला फेकून बसायची. त्यातच बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी मला पुसदला जावं लागलं. चार दिवस.

परत आले तर अंगणात जळक्या केसांचा वास होता. सरकी खाटेखाली पडून होती. बाहेर ओढून पाहिलं तर गुडघ्यावर आडवे तीन डाग. तापवलेल्या विळ्याचे.

माझे सासरे, मामाजी, कडुनिंबाखाली बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. सगळी हयात बैलांत गेली. लंगड्या बैलाला डाग देतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बैल त्याने बरा होतो की आपोआप बरा होतो हे कोणी तपासलेलं नाही.

"कोणी केलं हे?" मी विचारलं.

"म्या बलावलं डाग देनाऱ्याले. डाग देल्याशिवाय नस जाग्यावर येत नाई."

"कुत्र्याले डाग?"

"बैलाचा गुडघा वेगळा अन् कुत्र्याचा वेगळा असते काय?"

"मले विचारायचं होतं."

"तू पुसदले होती."

मी यांच्याकडे वळले. "अन् तुमी कुठं होते?"

"वावरात," हे म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायच्या निमित्ताने निघून गेले.

मला राग आला की मी ओरडत नाही. हळू बोलते. माझ्या घरच्यांना ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटतं. मी म्हणाले, "मामाजी, आजपासून या कुत्रीच्या पायाबद्दल तुमी एक शब्द बोलायचा नाई. बरोबर असो का चूक."

त्यांनी मान हलवली. त्यांनी माझं ते बोलणं अक्षरशः पाळलं. ते पुढे मला फार महागात पडलं.

टेबलाचा खण

कळंबच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, मी गाई-बैल, शेळ्या पाहतो. हा सांध्याच्या आतला मामला आहे. गोळ्या देऊन तुमचे दिवस नाही घालवत. नागपूरला न्या." एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला.

एसटीत कुत्रं घेत नाहीत. गावातला एक भाजीचा टेम्पो पहाटे नागपूरला जायचा, त्यात वांग्यांच्या क्रेटांमध्ये सरकी, मी आणि हे बसून गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच. हात मात्र सुताराचे असावेत तसे. त्यांनी सरकीला एका कुशीवर झोपवलं, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे ओढली. ती पुढे आली. हाड तसं पुढे येऊ नये एवढं मलाही कळत होतं.

"हात द्या," त्या मला म्हणाल्या. माझी बोटं तिथे ठेवून त्यांनी पुन्हा ओढलं. टेबलाचा खण ओढल्यासारखं वाटलं. "आत एक दोरी असते, वरचं हाड आणि खालचं हाड बांधून ठेवणारी. ती तुटली आहे. आणि हे पाहा." त्यांनी अंगठ्याने गुडघ्याची वाटी आत ढकलली. ती टक् करून खोबणीतून बाहेर गेली. "ही किती दिवसांपासून सरकते?"

"वर्ष झालं असेल."

"खोबण उथळ आहे. वाटी घसरत राहिली, सांध्यावर वाकडा भार येत राहिला. उडी निमित्त झाली. खोबण खोल करायची, आणि बाहेरून जाड नायलॉनची दोरी बांधायची. तुटलेल्या दोरीचं काम ती करेल." मग त्यांनी केस बाजूला केले आणि त्या थांबल्या. "हे काय आहे?"

हे खिडकीबाहेर पाहू लागले. मी सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला जिथे कापायचं आहे नेमकं तिथेच भाजलं आहे. ही कातडी भरून आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. तीन आठवड्यांनी या."

"अन् नाहीच केलं ऑपरेशन तर?"

"तीन पायांवर जगेल. सांधा झिजेल, दुखत राहील. सगळा भार दुसऱ्या पायावर जाईल आणि तोही असाच जाण्याची भीती असते. तो गेला तर मागचं अंग उचलता येणार नाही."

जागचं न उठणारं कुत्रं गावात किती दिवस राहतं आणि त्याचं शेवटी काय करतात, ते मला माहीत होतं. येताना टेम्पो रिकामा होता. सरकी माझ्या पायांवर डोकं टाकून झोपली होती. वर्ध्याच्या पुढे आल्यावर हे म्हणाले, "मंग?"

"मंग काय? तीन आठवडे मलम लावायचं अन् यायचं."

"लोक काय म्हणतीन, सुमन? दिवस कसे चालू हायेत."

"दिवस चांगले असते तर लोक गप बसले असते काय?"

मी दयेने निघाले होते असं कोणी समजू नये. दुरुस्त होण्यासारखी वस्तू फेकून देण्याची मला सवय नाही. पोलक्याची बाही उसवली म्हणून मी पोलकं टाकत नाही. खर्च माझ्या शिलाईतून केला, एवढंच सांगते, कारण लोक पहिले तेच विचारतात.

कळंबची जात

दिवस खरोखर वाईट होते. कापसाला भाव नव्हता. सरकारी खरेदी आज सुरू होईल, उद्या होईल म्हणून ज्याच्या त्याच्या घरात कापूस माळ्यापर्यंत भरलेला. आजूबाजूच्या गावांतून काय काय कानावर यायचं ते मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांनी लिहावं, लिहायचं तर. एकदा गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस आमच्या दारात आला आणि हलक्या आवाजात विचारू लागला, "ताई, तुमच्याकडे काही झालंय का?"

"झालं," मी म्हणाले. "कुत्रीचा गुडघा तुटला."

तो चहा न घेता गेला.

कांताबाई शेजारीण. तिचं तोंड कायम चालू, पण मनात काही ठेवत नाही. ती ओट्यावर बसून म्हणाली, "माणसाले दवाखाना नाई अन् कुत्रीले नागपूर! माहा गुडघा दुखून राह्यला दोन वर्सापासून, मले नेते काय?"

"तू वांग्याच्या क्रेटात मावशील काय?"

"मेली!" ती हसली. पण दुसऱ्या दिवशी वाटीभर लोणी घेऊन आली, डागांवर लावायला.

मामाजी या सगळ्यात एक शब्दही बोलले नाहीत. सरकी दिसली की मान फिरवायचे.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे टेम्पो दारात आला तेव्हा ते धोतर-बंडी घालून, काठी घेऊन तयार उभे होते. म्हणाले, "छप्पन साली नागपूरले गेलतो. त्याच्यानंतर गेलो नाई. मी येऊ काय?"

"कायले?" मी म्हणाले.

ते काठी टेकून तिथेच उभे राहिले. टेम्पो वळेपर्यंत उभे होते. हे मी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक नागपूरच्या बाई बसल्या होत्या, मांडीवर उशीएवढा पांढरा कुत्रा. त्याचीही वाटी सरकत होती. दोन्ही पायांची. त्यांनी सरकीकडे पाहून विचारलं, "ही कोणती जात?"

"कळंबची," मी म्हणाले.

"हो का? ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांना कळलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांचा कुत्रा घाबरला. त्या बाईंनी मला डबा दिला. पोळी आणि मेथी. आम्ही दोघींनी बाकावरच खाल्ली. त्या दिवशी माझं जे काही धैर्य टिकलं ते त्या मेथीवर.

भीती मला सरकीला आत नेल्यावर वाटली नाही. ती बाहेर आली तेव्हा वाटली. जीभ बाहेर लोंबत होती, डोळे अर्धे उघडे आणि त्यांत कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भूल उतरते आहे, घाबरू नका." मी टाके पाहत बसले, कारण दुसरीकडे पाहवत नव्हतं. टाके सरळ होते, सारख्या अंतरावर. मी स्वतः शिवते, मला कळतं. हात पक्का आहे एवढी खात्री झाली आणि मग जरा बरं वाटलं.

खाटांचा तुरुंग

यापुढचं आमच्या हातात होतं. सूचना थोड्या होत्या, पण कडक. आठ आठवडे उडी नाही, धावणं नाही, पायरी नाही. शू-शीला दोरी बांधून अंगणात, लगेच आत. गुळगुळीत फरशीवर पाय ठेवू द्यायचा नाही. टाके चाटू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने मी पुढच्या दोन खोल्यांत गुळगुळीत फरशी बसवून घेतली होती. त्या दिवशी मला तिचा पहिल्यांदा राग आला. मागची चुलीची खोली मात्र शेणाने सारवलेली होती. तिथे कोपऱ्यात दोन खाटा आडव्या उभ्या करून जागा अडवली. जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापला आणि काठाला कापड शिवून ती गळ्यात घातली. कांताबाई म्हणाली, "लाऊडस्पीकर दिसून राह्यली." पोटाखालून घ्यायला जुन्या पिशवीची झोळी शिवली, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. ही झोळी ज्यांना हवी असेल त्यांनी जाड कापडाची, हातभर रुंदीची शिवावी. अरुंद पट्टा पोटात रुततो.

चालवायची ती मीच. हे एकदा घेऊन गेले तर मी दारात उभी राहून पाहत होते. "जरा हळू. दोरी आखूड धरा. वळू देऊ नका." त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे बापा, तूच डॉक्टर." त्यानंतर दोरी खिळ्याला टांगलेली असायची आणि माझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं.

नवव्या दिवशी तिने पाय टेकला. पुरता नाही, पण भार देऊन. मी चुलीवरचं दूध सोडून पाहत राहिले आणि दूध उतू गेलं. बाराव्या दिवशी कळंबच्या डॉक्टरांनी टाके काढले. मला वाटलं, झालं. निम्मं जिंकलं.

घरातली सगळ्यात मऊ जागा

डिसेंबर लागला आणि थंडी पडली. सरकी वाळली होती. जमिनीवर पडून पडून तिच्या कोपरांची कातडी सोलवटली. तरटाचं पोतं घातलं तर ते पुढच्या पायांनी उकरून बाजूला करायची. पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस. घरातली सगळ्यात मऊ आणि सगळ्यात उबदार जागा. मी विचार केला, एवढं मोठं अंथरूण घरात पडलं आहे आणि कुत्री मातीवर कुडकुडते आहे.

ढिगाच्या कडेला हाताने खोलगट जागा केली, वर जुनी चादर टाकली, फरशीवर पाय लागू नये म्हणून सरकीला उचलून नेऊन तिथे ठेवलं. ती आत रुतून बसली आणि तिने डोळे मिटले. मी माझ्यावरच खूश झाले.

मामाजी दारात आले. त्यांनी सरकीकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांनी सरकीबद्दल तोंड उघडलं. "सूनबाई, कापसात..."

"मामाजी," मी म्हणाले, "आपलं ठरलं होतं ना?"

त्यांनी तोंड मिटलं आणि ते गेले.

कापूस घरात साठवला की अंगाला खाज सुटते हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. आम्ही स्वतः त्या दिवसांत त्या खोलीत झोपत नाही. पण कुत्र्याच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही. चादर टाकली होती ना! तिसऱ्या दिवशी सरकी खाजवायला लागली. जखम चाटू नये म्हणून गळ्यात बादली अजून होतीच, त्यामुळे दात पोचत नव्हते. मग कुत्रं काय करतं? मागच्या पायाने खाजवतं. चांगल्या पायाने. म्हणजे सगळं अंग ऑपरेशनच्या पायावर. आणि तो पाय कापसात.

मी मशीनवर होते. तोच आवाज आला, बंडीवरून उडी मारली तेव्हाचा. एकदाच.

धावत गेले. तिचा डावा पाय मांडीपर्यंत कापसात रुतून वळला होता आणि तिला तो काढता येत नव्हता. मी ढीग दोन्ही हातांनी उपसला. ती उभी राहिली, तीन पायांवर. चौथा वर. पुन्हा पहिल्या दिवसासारखा.

मला रडायला येत नाही असं लोक म्हणतात. ते खरं आहे. त्या दिवशी मी भिंतीला टेकून खाली बसले आणि माझ्या अंगावरचा कापूस एकेक करून वेचत राहिले. किती वेळ, माहीत नाही. समोर दारात मामाजी होते. ते काही बोलले नाहीत. मी त्यांना बोलायला बंदी केली होती.

"घरात कोणी सांगितलं नाही?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा टेम्पो. या वेळी फ्लॉवरची पोती. रस्ताभर मी एकच विचार करत होते. दोरी तुटली असेल तर पुन्हा कापावं लागेल, त्याच जागी, आणि ती कातडी आता किती वेळा भरून येणार?

डॉक्टरीणबाईंनी मांडी धरली, नडगी धरली, ओढली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. हाड पुढे आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. वाटी ढकलली, ती जागेवर.

"दोरी धरून आहे," त्या म्हणाल्या. "सांधा मुरगळला, सुजला आहे. पण तीन आठवड्यांत जेवढं कमावलं होतं ते गेलं असं समजा. आजपासून पुन्हा आठ आठवडे मोजायचे. आणि पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." मग त्यांनी हात धुता धुता विचारलं, "कापसात कसं काय बसवलं तुम्ही? तुम्ही तर कापसातली माणसं. घरात कोणी सांगितलं नाही?"

हे माझ्याकडे पाहत होते. काही बोलायचं असेल तर बोलावं, नाहीतर नाही, अशा नजरेने.

"सांगत होते," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही."

येताना टेम्पोत हे म्हणाले, "हे जे तिथं बोलली, ते घरी बोलशील काय?"

"कोणाले?"

"तुले माहीत हाये कोणाले."

कडुनिंबाखाली

घरी आल्यावर मी सरकीला मागच्या खोलीत खाटांच्या आत ठेवलं, पाणी दिलं आणि तशीच बाहेर कडुनिंबाखाली गेले. बसले नाही. बसले असते तर उशीर झाला असता.

"मामाजी, त्या दिवशी तुमी काय म्हणत होते?"

"कोन्त्या दिवशी?"

"दारात. कापसात म्हणून थांबले ते."

त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. "खाज येईन म्हणत होतो. अन् कापसात पाय ठरत नाई. लहानपणी आमी ढिगावर उड्या मारत होतो. माह्या भावाचा पाय असाच मुरगळला होता. महिनाभर खाटेवर होता तो."

"मंग बोलले काहून नाई?"

"तू बंद केलं होतं."

"आता सुरू करा."

त्यांनी वर पाहिलं. "मी काय तुही मशीन हाये?"

मी हसले. तेही हसले असावेत, मिशीमुळे कळत नाही. मग त्यांनी विचारलं, "ते डागाची कातडी... बरी झाली काय?"

"चला, पाहा."

ते आत आले, खाटेवर वाकले आणि त्यांनी डागाच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्या पायाला हात लावला. सरकीने हात हुंगला. ती त्यांचा हात विसरली असेल असं मला वाटत नाही. तिने एकदा मान मागे घेतली. मामाजींनी हात तसाच ठेवला, बोटं उघडी, न हलवता. बैलाजवळ नवा माणूस जसा ठेवतो तसा. बऱ्याच वेळाने तिने हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकवली.

दुसरे आठ आठवडे

ते पहिल्या आठवड्यांपेक्षा सोपे गेले असं म्हणणार नाही. पण मी एकटी नव्हते.

अंथरुणाचा प्रश्न मामाजींनी एका दुपारी सोडवला. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीत उरणारा भुसा, पोत्यात दाबून भरायला लावलं, इतकं घट्ट की वर उभं राहिलं तरी पाय जात नाही. "मऊ नाई पायजे तिले," ते म्हणाले. "भक्कम पायजे." सारवणात बारीक भुसा जास्त घालायला सांगितला, म्हणजे नखं धरतात. मी दर चार दिवसांनी सारवत गेले.

तीन आठवड्यांनी सूज उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, पाय हाताने हळूहळू दुमडायचा आणि सरळ करायचा, दिवसातून तीनदा. ते काम मामाजींनी घेतलं. दुमडताना त्यांचे ओठ हलायचे. मला वाटलं मोजत असतील. एकदा जवळ गेले तर ते तिच्याशी बोलत होते, हळू, बैलांशी बोलावं तसं. "अशी. अशी वं माय. झालं." मी परत फिरले.

दिवस सारखे नव्हते. कधी ती दोन दिवस छान भार द्यायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय वर. पहिल्या वेळी मी घाबरले, मग वहीत लिहायला लागले: टेकला, अर्धा टेकला, नाही टेकला. आठवड्याचं एक पान एकदम पाहिलं की कळतं पुढे चाललो की मागे. एका दिवसावरून काही ठरवू नका.

यांचं आणि माझं एकदा भांडण झालं, सरकीवरून नाही, कापसावरून. विकायचा की थांबायचं. जानेवारीच्या शेवटी जो भाव होता त्या भावाने विकला. खोली रिकामी झाली. मी फरशी झाडली, धुतली आणि तिच्यावर तरटं अंथरून टाकली. फरशीचं कौतुक संपलं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेवटच्या तपासणीला गेलो. या वेळी मी मामाजींना विचारलं, "येता काय?" ते म्हणाले, "नाई. तिथं मी काय करू? तुमी या जाऊन." पण पहाटे टेम्पोपर्यंत आले आणि सरकीला त्यांनीच उचलून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला अंगणात चालवलं, उन्हात, लांबून पाहत. माझी शिलाईची टेप मागून घेतली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी अजून बारीक होती. "भरेल," त्या म्हणाल्या. "सांधा पक्का आहे. उद्यापासून सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, दोरीवर. ओढू द्यायचं नाही. पळणं अजून दोन महिने नाही. बंडीवर बसणं कधीच नाही. कोण फिरवणार? हात पक्का असलेला माणूस हवा."

"आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी खिळ्यावरची दोरी काढली, सरकीच्या गळ्यात अडकवली आणि दुसरं टोक मामाजींच्या हातात दिलं.

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

"माह्यापाशी घड्याळ कुठं हाये?"

"विहिरीपर्यंत जा अन् परत या."

त्यांनी दोरी हाताला एक वेढा देऊन आखूड धरली. बरोबर तेवढीच आखूड, जेवढी धरायला हवी. मला सांगावं लागलं नाही. दोघं फाटकातून बाहेर पडली.

मी दारात गेले नाही. मशीनवर बसले आणि कांताबाईचं पोलकं शिवायला घेतलं.